मॅन पेजमध्ये फाइल आणि डिरेक्टरीच्या परवानग्या कशा लिहायच्या

मॅन पेज म्हणजे युनिक्स-लिनक्समधल्या आज्ञा आणि फाइल्सचं माहितीपान. त्याच्या फाइल्स विभागात पाथ टाकला, शेजारी ०६४४ असा मोड, म्हणजे परवानग्या सांगणारा आकडा, लिहिला की काम झालं असं वाटतं. मग सर्व्हर सांभाळणारा कुणीतरी विचारतो: ही फाइल प्रोग्रॅम स्वतः ०६४४ मोडने बनवतो, की मी ती तशी करून ठेवायची? ०६६४ केली तर काय बिघडेल? आकडा बरोबर असतो, तरी यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर पेजवर नसतं. परवानगीच्या नोंदीत आकडा हा सर्वांत सोपा भाग. तो कोण ठरवतं आणि तो चुकला तर काय होतं, हे लिहिणं कष्टाचं, आणि वाचणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

एक सूचना: आज्ञा, मॅक्रो आणि पाथ इथे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलवर आणि सोर्समध्ये ते अर्थातच नेहमीच्या अक्षरांत टाका.

काय हाताशी हवं

- प्रोग्रॅमचा सोर्स कोड, आणि त्याच्या जोडीला पॅकेज बनवणाऱ्या फाइल्स. अर्ध्या परवानग्या तिथेच ठरतात.
- एक कोरी व्हर्च्युअल मशिन किंवा कंटेनर आणि त्यात रूट नसलेलं साधं खातं. रूटला, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याला, बहुतेक परवानग्या लागूच होत नाहीत, त्यामुळे रूट म्हणून केलेली चाचणी नेहमी पास होते आणि काहीच सिद्ध करत नाही.
- लिनक्सवर एसट्रेस, बीएसडीवर केट्रेस: प्रोग्रॅम कर्नलला कोणते कॉल करतो ते दाखवणारी साधनं.
- पेज तपासायला मॅनडॉक किंवा ग्रॉफ.
- वाचायला सीएचमॉड(१), सीएचमॉड(२), यूमास्क(२) आणि मॅन पेज लिहिण्याच्या मॅक्रोंचं एमडॉक(७). कंसातला आकडा म्हणजे मॅन पेजेसच्या संग्रहातला विभाग. लिनक्सवर आयनोड(७) आणि मॅन-पेजेस(७) ही दोन पेजेसही चाळून ठेवा.

१. आधी खरं काय घडतं ते शोधा

आठवणीवर किंवा जुन्या रीडमीवर विसंबू नका. सोर्समध्ये ओपन, एमकेडिर, सीएचमॉड, एफसीएचमॉड, सीएचओन, यूमास्क आणि एमकेएसटेम्प या नावांवर ग्रेप मारा. प्रत्येक ठिकाणी कोणता पाथ, कोणता मोड, हे एका कागदावर उतरवा.

मग प्रोग्रॅम एसट्रेसखाली चालवा. इथे एक बारीक खाच आहे: एसट्रेसला फाइल वर्गातले कॉल दाखवायला सांगितलं, तर पाथ घेणारेच कॉल दिसतात. एफसीएचमॉड आधीच उघडलेल्या फाइलच्या क्रमांकावर, म्हणजे डिस्क्रिप्टरवर, चालतो आणि यूमास्क पाथ घेतच नाही. दोघंही त्या यादीत येत नाहीत. ही नावं वेगळी द्या, नाहीतर ओपन ०६६६ मोडने झालेला दिसेल आणि लगेच नंतरचा एफसीएचमॉड ०६०० नजरेतून सुटेल.

यानंतर प्रत्येक पाथला तीन प्रश्न विचारा:

- प्रोग्रॅम ही फाइल कोणत्या मोडने बनवतो?
- प्रोग्रॅम कोणता मोड मागतो, म्हणजे तो नसेल तर काम नाकारतो?
- आपण कोणता मोड सुचवतो?

तिन्हींची उत्तरं बऱ्याचदा वेगळी निघतात. ओपनएसएसएचचं एसएसएच(१) पेज या बाबतीत डोळ्यांसमोर ठेवण्यासारखं आहे. घरच्या डिरेक्टरीतल्या कॉन्फिग फाइलबद्दल तिथे सक्तीची भाषा आहे: मालकाला वाचता-लिहिता यावं, इतरांना लिहिता येता कामा नये. ऑथराइज्ड कीज फाइलबद्दल मात्र फक्त शिफारस आहे, कारण ती फाइल फार गुप्त नाही. खाजगी की इतरांना वाचता येत असेल तर एसएसएच इशारा देऊन ती की सरळ वापरतच नाही, आणि पेज तेही सांगतं. तीन फाइल्स आणि त्यांना तीन वेगळ्या तऱ्हेची वाक्यं.

आणखी एक प्रश्न: मोड प्रोग्रॅम ठरवतो की पॅकेज? सावलीतल्या पासवर्डची फाइल, म्हणजे /ईटीसी/शॅडो, डेबियनवर ०६४० मोडची आणि शॅडो गटाची असते. रेड हॅटच्या घराण्यात तिचा मोड चक्क ०००० असतो. दोन्ही बरोबर, कारण रूटला मोड आडवा येत नाही. अशा वेळी मूळ प्रोजेक्टच्या पेजमध्ये एकच आकडा ठोकून दिला, तर निम्म्या वाचकांसाठी तो खोटा ठरतो. शिवाय डेबियनवर प्रशासक डीपीकेजी-स्टॅटओव्हरराइड वापरून पॅकेजचा मोड बदलू शकतो. तेव्हा 'बनवताना हा मोड दिला जातो' असं लिहा; 'या फाइलचा मोड हा असतो' असं लिहू नका.

२. आकडा कसा लिहायचा

चार अंकी अष्टमान, विशेष बिट नसेल तर पुढे शून्य: ०६४४, ०७५५, १७७७. शेवटचे तीन अंक अनुक्रमे मालक, गट आणि इतर यांचे; प्रत्येकात वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. कमांड लाइनवर ६४४ आणि ०६४४ एकच, पण तुमचं पेज वाचून कुणीतरी सी भाषेत कोड लिहिणार असतो. तिथे पुढचं शून्य गळलं की ६४४ हा दशमान आकडा होतो, आणि दशमान ६४४ म्हणजे अष्टमान १२०४. परिणाम: मालकाला फक्त लिहिण्याची परवानगी, गटाला काहीच नाही, इतरांना वाचण्याची, वर स्टिकी बिट (तो पायरी ७ मध्ये येतो). मालकाला स्वतःचीच फाइल वाचता येत नाही आणि बिचारा तासभर डिस्क तपासत बसतो.

आकड्याच्या जोडीला शब्दांत अर्थ द्या: 'मोड ०६४०, म्हणजे मालकाला वाचता-लिहिता येतं, गटाला फक्त वाचता येतं.' एलएसच्या छापाची दहा अक्षरांची पट्टी नोंदीत टाकू नका, उदाहरणात ठेवा. त्या पट्टीच्या शेवटी एसीएल (ठरावीक खात्यांना किंवा गटांना दिलेल्या जादा परवानग्या) असेल तर अधिक चिन्ह आणि एसईलिनक्स या जादा सुरक्षाव्यवस्थेची खूण असेल तर टिंब येतं; नवखा वाचक त्यातच अडकतो.

मालक आणि गट लिहिल्याशिवाय मोड अपुरा आहे. समजा टपाल नावाची सेवा आहे आणि तिचा त्याच नावाचा गट. ०६४० रूट-रूट आणि ०६४० रूट-टपाल यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे: दुसऱ्यात टपाल गटातली सेवा फाइल वाचू शकते, पहिल्यात नाही.

आणि 'मालक, गट, इतर' यांची बेरीज होते असं सुचवणारं वाक्य लिहू नका. कर्नल एकच वर्ग निवडतो. तुम्ही मालक असाल तर फक्त मालकाचे बिट पाहिले जातात, गटाचे कितीही उदार असले तरी. ००७७ मोडची फाइल जगाला वाचता येते, मालकाला नाही.

३. डिरेक्टरीसाठी वेगळी भाषा वापरा

सगळ्यात जास्त चुकीची वाक्यं इथेच सापडतात, कारण फाइलची तीच तीन अक्षरं (आर वाचणं, डब्ल्यू लिहिणं, एक्स चालवणं) इथे वेगळं काम करतात.

आर म्हणजे आतल्या नावांची यादी वाचणं. डब्ल्यू म्हणजे आत नाव जोडणं, पुसणं, बदलणं. एक्स म्हणजे त्या डिरेक्टरीतून पुढे जाणं. पेजमध्ये याला 'चालवण्याची परवानगी' म्हणू नका. डिरेक्टरी कुणी चालवत नाही. पॉझिक्स या युनिक्सच्या मानकातही तिच्यासाठी शोधाची परवानगी असा वेगळा शब्द आहे. मराठीत 'प्रवेश' म्हटलं की लगेच कळतं.

एक्स नसेल तर डब्ल्यू निकामी. आर असेल आणि एक्स नसेल, म्हणजे समजा ०७४४ मोड, तर इतरांना नावं दिसतात पण त्यामागचं काही कळत नाही. अशा डिरेक्टरीवर एलएस -एल चालवून बघा: नावांपुढे मोड, मालक, आकार, तारीख या सगळ्यांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. उलट ०७११ असेल तर यादी मिळत नाही, पण नाव ठाऊक असलेल्याला आतल्या फाइलपर्यंत पोचता येतं.

आता नेहमीचं चुकीचं वाक्य: 'फाइल ०४४४ असल्याने ती कुणाला पुसता येत नाही.' पुसणं हा डिरेक्टरीतला बदल आहे. डिरेक्टरीवर डब्ल्यू आणि एक्स असेल तर ०४४४ फाइलही पुसली जाते; आरएम फार तर एकदा विचारतो. तुमची सेवा फाइल सुरक्षित राहण्यावर अवलंबून असेल, तर फाइलसोबत तिच्या डिरेक्टरीची नोंदही द्यावीच लागते. वरच्या डिरेक्टऱ्यांचाही विचार करा. पाथमधल्या प्रत्येक पायरीवर एक्स लागतो, आणि एक जरी पायरी बंद असली तरी आतल्या फाइलचा मोड कितीही मोकळा असून उपयोग नाही.

४. कोणती माहिती कुठल्या विभागात

पाथ, मोड, मालक, गट हे फाइल्स विभागात. मोड चुकल्यास येणारा एरर: आज्ञेच्या पेजवर डायग्नॉस्टिक्स किंवा एक्झिट स्टेटसमध्ये, सिस्टिम कॉल किंवा लायब्ररीच्या पेजवर एरर्समध्ये. मोड बदलणारा पर्याय असेल तर तो पर्यायांच्या यादीत, आणि फाइल्समधून तिकडे बोट दाखवा. सुरक्षेचं कारण एका वाक्यात मावत असेल तर नोंदीतच ठेवा. परिच्छेद लागत असेल तर एमडॉकमध्ये सिक्युरिटी कन्सिडरेशन्स असा विभाग आहेच.

कॉन्फिग फाइलचं विभाग ५ मध्ये स्वतंत्र पेज असेल तर मोडची पूर्ण नोंद तिथे ठेवा आणि सेवेच्या विभाग ८ मधल्या पेजवर थोडक्यात उल्लेख करा. दोन्हीकडे पूर्ण लिहिलं की पुढच्या बदलात एक जागा हमखास राहून जाते.

५. प्रत्यक्ष नोंद लिहा

एमडॉकमध्ये एसएच ओळीने विभाग उघडा, बीएल ओळीने टॅग प्रकारची यादी सुरू करा, प्रत्येक पाथसाठी 'आयटी पीए' आणि पुढे पाथ, शेवटी ईएल. पीए हा मॅक्रो पाथसाठीच आहे. जुन्या मॅन मॅक्रोंत टीपी आणि त्याखाली आय ओळीत पाथ, म्हणजे तिरप्या अक्षरांत. आकड्यातल्या मोडसाठी एमडॉकमध्ये खास मॅक्रो नाही, तो साधाच लिहा.

तीच टपाल नावाची काल्पनिक सेवा घेऊ. कच्ची नोंद अशी दिसते:

> /ईटीसी/टपाल.कॉन्फ
> संरचना फाइल. परवानगी ०६४०.

आणि पक्की अशी:

> /ईटीसी/टपाल.कॉन्फ
> मुख्य संरचना फाइल. हिच्यात पुढच्या सर्व्हरचा पासवर्ड असू शकतो. इन्स्टॉल करताना मोड ०६४०, मालक रूट, गट टपाल अशी ठेवली जाते. इतरांना वाचता येत असेल तर सेवा सुरू होत नाही आणि एक्झिट कोड ७८ मिळतो.
>
> /व्हार/स्पूल/टपाल/
> न पाठवलेल्या पत्रांची रांग. नसेल तर सेवा सुरू होताना मोड ०७०० आणि मालक टपाल अशी बनवली जाते. आधीपासून असेल तर तिचा मोड बदलला जात नाही.

दुसऱ्या नोंदीतलं शेवटचं वाक्य बघा. 'आधीपासून असेल तर काय' हे जवळजवळ कुणीच लिहीत नाही, आणि नवी आवृत्ती चढवल्यावर नेमका तोच घोटाळा होतो: नव्या मशिनवर ०७००, जुन्यावर पूर्वीचा ०७५५ तसाच. कोड ७८ मनाला येईल तो आकडा नाही. सिसएक्झिट्स या एक्झिट कोडच्या रूढ यादीत संरचनेच्या चुकीसाठी तोच आहे, आणि ७७ परवानगी नसल्यासाठी. तुमचा प्रोग्रॅम नुसताच १ परत करत असेल तर १ लिहा. पेजने प्रोग्रॅमपेक्षा शहाणं दिसायचं नसतं.

६. यूमास्कचा उल्लेख टाळू नका

यूमास्क म्हणजे नव्या फाइलच्या मोडमधून कोणते बिट काढायचे हे सांगणारा आकडा. प्रोग्रॅम ०६६६ मोडने नवी फाइल बनवत असेल तर अखेरचा मोड यूमास्क ठरवतो. पेजमध्ये 'मोड ०६४४' लिहिलं, तर तुम्ही तुमच्या मशिनचा यूमास्क दस्तऐवजात छापला. योग्य वाक्य: 'मोड ०६६६, त्यातून यूमास्कमधले बिट वगळून.'

'वगळून' हा शब्द मुद्दाम. यूमास्क वजा होत नाही, त्यातले बिट उतरवले जातात. ०२२ असेल तर दोन्हींचं उत्तर योगायोगाने सारखं येतं, म्हणून गैरसमज टिकून आहे. यूमास्क ०३३ धरा: वजाबाकीने ०६३३ येतं, प्रत्यक्षात मिळतं ०६४४.

नेहमीच्या जोड्या: यूमास्क ०२२ असताना फाइल ०६४४ आणि डिरेक्टरी ०७५५, ०२७ असताना ०६४० आणि ०७५०, ०७७ असताना ०६०० आणि ०७००. डिरेक्टरीवर डीफॉल्ट एसीएल असेल तर लिनक्सवर यूमास्क लागूच होत नाही. तुमच्या वापरकर्त्यांत एसीएल रूढ असेल तर हे एका ओळीत सांगा.

सेवा असेल तर तिचा यूमास्क लॉगिन शेलमधून येत नाही. सिस्टिमडी, म्हणजे लिनक्सवर सेवा चालवणारी व्यवस्था, हिच्याखाली तो ठरावीक ०२२ असतो आणि युनिट फाइलमधून बदलता येतो. स्टेट डिरेक्टरी आणि रनटाइम डिरेक्टरी सिस्टिमडीकडून बनवून घेतल्या तर त्यांचा ठरावीक मोड ०७५५. गुप्त माहिती ठेवणाऱ्या सेवेला तो नको असतो, म्हणजे युनिटमध्ये बदल केला आहे की नाही हे पाहूनच नोंद लिहा.

आणखी एक लपलेला सापळा. बरेच प्रोग्रॅम फाइल जपून लिहिण्यासाठी आधी तात्पुरती फाइल बनवतात आणि मग तिला जुन्या नावावर सरकवतात. एमकेएसटेम्प तात्पुरती फाइल ०६०० मोडने बनवतो. कोडने जुना मोड नव्यावर उतरवला नाही, तर काल ०६४४ असलेली फाइल पहिल्या सेव्हनंतर ०६०० होते, आणि तिचे मालक, गट, एसीएल हेही बदलू शकतात. कोड सुधारणं उत्तम. तोवर बग्स किंवा कॅव्हिअट्स विभागात लिहा.

७. सेटयूआयडी, सेटजीआयडी, स्टिकी

यांचे आकडे अनुक्रमे ४०००, २०००, १०००. सेटयूआयडी असलेला प्रोग्रॅम चालवणाऱ्याच्या नव्हे, तर फाइलच्या मालकाच्या अधिकारांनी चालतो. डेनिस रिची यांनी सेटयूआयडीच्या कल्पनेचं पेटंट घेतलं होतं, १९७९ साली ते मंजूर झालं; इतका जुना हा बिट, तरी पेजेसमध्ये त्याचं कारण क्वचितच दिलेलं असतं. तुमचा प्रोग्रॅम सेटयूआयडी असेल तर तीन गोष्टी लिहा: कोणत्या खात्याचे अधिकार मिळतात, कशासाठी, आणि बिट काढला तर कोणतं काम बंद पडतं. प्रशासक पहिल्यांदा तोच काढून बघतो.

डिरेक्टरीवरचा सेटजीआयडी म्हणजे आत बनणाऱ्या फाइल्सना डिरेक्टरीचा गट मिळणं. बीएसडीवर हे बिटाशिवायही होतं, लिनक्सवर बिट लागतो. स्टिकी बिट, टेम्प डिरेक्टरीच्या १७७७ सारखा, पुसण्याचा आणि नाव बदलण्याचा हक्क फाइलचा मालक, डिरेक्टरीचा मालक आणि रूट यांच्यापुरता ठेवतो.

वाचकाला आज्ञा देताना क्रम सांभाळा: आधी सीएचओन, मग सीएचमॉड. मालक बदलताना सेटयूआयडी बिट उडू शकतो. आणि जीएनयू सीएचमॉडला डिरेक्टरीवर नुसतं ७५५ दिलं तर आधीचा सेटजीआयडी तसाच राहतो. तो काढायचा असेल तर ००७५५ असा पाच अंकी आकडा किंवा 'जी-एस' लिहावं लागतं.

८. दोन एरर, दोन अर्थ

ईअ‍ॅक्सेस म्हणजे परवानगीच्या बिटांनी अडवलं, फाइलवर किंवा वाटेतल्या एखाद्या डिरेक्टरीवर. ईपर्म म्हणजे हे काम करण्याचा हक्कच नाही; दुसऱ्याच्या फाइलवर सीएचमॉड केलं की हाच मिळतो. दोन्हींना 'परवानगी नाही' म्हणून एकाच ओळीत गुंडाळू नका. पहिल्यात मोड बदलून काम होतं, दुसऱ्यात होत नाही.

९. रॉफचे खड्डे

मोडच्या पट्टीत डॅशच डॅश असतात, आणि रॉफमध्ये, म्हणजे मॅन पेज ज्या मांडणीच्या भाषेत लिहितात तिच्यात, नुसता डॅश म्हणजे जोडरेघ. वाचक पेजवरून आज्ञा कॉपी करतो आणि शेल ती ओळखत नाही. आज्ञेतल्या आणि पट्टीतल्या प्रत्येक डॅशच्या आधी बॅकस्लॅश द्या.

टिंबाने सुरू होणारं फाइलचं नाव ओळीच्या सुरुवातीला आलं की रॉफ त्याला मॅक्रो समजतो आणि अख्खी ओळ गायब होते. एररही दिसत नाही, म्हणून हा खड्डा लवकर सापडत नाही. नावाआधी बॅकस्लॅश आणि अँपरसँड टाका. घरच्या डिरेक्टरीची लाटेसारखी खूणही थेट लिहू नका. बॅकस्लॅश, उघडा कंस, टीआय असं लिहिलं की कॉपी केल्यावरही ती शाबूत राहते.

१०. तपासा

मॅनडॉकला -टी लिंट देऊन पेज चालवा. ग्रॉफ वापरत असाल तर -डब्ल्यूडब्ल्यूने सगळे इशारे चालू करा. मग मॅन -एल वापरून ऐंशी अक्षरांच्या रुंदीत डोळ्यांनी वाचा. लिंटला मॅक्रो कळतात, मोड खरा की खोटा हे कळत नाही.

ते कळण्यासाठी कोऱ्या मशिनवर इन्स्टॉल करा आणि पेजमधल्या प्रत्येक पाथवर स्टॅट चालवून मोड, मालक, गट ताडून बघा. जीएनयू आणि बीएसडीच्या स्टॅटचे पर्याय वेगळे आहेत, एकाची आज्ञा दुसरीकडे चालत नाही. मग यूमास्क ०७७ करून तेच पुन्हा करा. आकडे बदलले आणि पेजमध्ये यूमास्कचा शब्दही नसेल, तर परत पायरी ६.

शेवटी 'मागतो' म्हणून लिहिलेला प्रत्येक मोड मुद्दाम बिघडवा. कॉन्फिग ०६४४ करा, सेवा सुरू करा, आलेला संदेश आणि एक्झिट कोड पेजशी जुळतो का बघा. सेवा निमूट सुरू झाली तर ती सक्ती नव्हती. वाक्य शिफारशीत बदला, डीडी ओळीतली तारीख नवी करा, आणि मोडची चाचणी प्रोजेक्टच्या नेहमीच्या टेस्टमध्ये जोडून टाका.